फोनचा क्लाउड बॅकअप: स्विच चालू आहे, पण बॅकअप होतोय का?

बॅकअप घेता का, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, "हो, चालू आहे ना." मग फोन पाण्यात पडतो किंवा चोरीला जातो, आणि तेव्हा कळतं की स्विच चालू होता खरा, पण शेवटचा बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा आहे. कुणाचे फोटो सगळे सुखरूप असतात, पण कोणत्या खात्यात ते आठवत नाही. कुणाला खातं आणि पासवर्ड दोन्ही पाठ असतात, पण आत शिरायला लागणारा कोड नेमका त्याच हरवलेल्या फोनवर येत असतो.

या सगळ्यांचं चुकतं ते एकाच जागी. स्विच बघितला जातो, तारीख बघितली जात नाही आणि डेटा परत मिळतो का हे करून पाहिलं जात नाही. खालचे टप्पे अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी आहेत. मेन्यूंची नावं फोनच्या कंपनीनुसार थोडी बदलतात. एखादं सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'बॅकअप' शोधा. क्रम मात्र मोडू नका. घाईत सगळे थेट चौथ्या टप्प्यावर उडी मारतात आणि पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो.

## आधीची तयारी

निवांत एक तास, चार्जर, मर्यादा नसलेलं वाय-फाय, एक कागद-पेन आणि दुसरं एखादं यंत्र, म्हणजे संगणक, टॅब किंवा घरातल्या कुणाचा फोन. कागद खरोखरचा हवा. फोनमधल्या नोट्समध्ये लिहिलेली माहिती फोनबरोबरच जाते.

फोनची सिस्टिम आणि ॲप्स आधी अपडेट करून घ्या. बॅकअप ज्या आवृत्तीवर घेतला त्यापेक्षा जुन्या आवृत्तीच्या फोनवर तो बहुधा उतरत नाही, हे पुढे फोन बदलताना आडवं येतं.

## टप्पा १: कोणती गोष्ट कोणत्या खात्यात जाते, ते लिहून काढा

फोनमध्ये 'एक बॅकअप' असा प्रकार नसतोच. संपर्क एका वाटेने जातात, फोटो दुसऱ्या, व्हॉट्सअ‍ॅप तिसऱ्या. शिवाय फोनमध्ये दोन-तीन गूगल खाती असली तर प्रत्येक वाट वेगळ्या खात्यात जाऊन संपू शकते. एखादं खातं जुनं, दुसरं कुणीतरी फोन सुरू करून देताना उघडलेलं, तिसरं ऑफिसचं. व्हॉट्सअ‍ॅपने एक उचललं, फोटोंनी दुसरं, आणि मालकाला पत्ता नाही.

कागदावर दोन रकाने आखा: गोष्ट आणि खातं. मग एकेक उघडून पाहा.

संपर्क. संपर्कांच्या ॲपमध्ये एखादं नाव उघडा आणि ते कुठे साठवलंय ते बघा. 'सिम' किंवा 'डिव्हाइस' दिसलं तर ते नाव क्लाउडवर जात असेलच असं धरून चालू नका. नवीन नावं साठवण्याची जागा गूगल खातं किंवा आयक्लाउड करा आणि जुनी नावं तिकडे हलवा.

फोटो. गूगल फोटोज उघडून उजवीकडे वरच्या गोल चित्रावर टॅप करा. कोणतं खातं दिसतंय ते पूर्ण ईमेल पत्त्यासह लिहा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सर्वात वर स्वतःचं नाव, त्यात आयक्लाउड, त्यात फोटोज.

व्हॉट्सअ‍ॅप. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. अँड्रॉइडवर तिथे गूगल खात्याचं नाव असतं.

बाकीचं. नोट्स, आवाजाची रेकॉर्डिंग्ज, डाउनलोड फोल्डरमधल्या पीडीएफ, स्कॅन केलेली कागदपत्रं. लोक हमखास विसरतात ते हेच. डाउनलोडमधल्या फाइल आपोआप वर जातात असं गृहीत धरू नका. महत्त्वाच्या असतील त्या गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउड ड्राइव्हमध्ये स्वतः टाका. फोन कंपनीच्या नोट्स ॲपमध्ये लिहीत असाल तर त्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये सिंक (फोनमधलं आणि खात्यातलं आपोआप सारखं ठेवणं) चालू आहे का ते वेगळं बघावं लागतं.

> खबरदारी: खासगी गोष्टी ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या खात्यात ठेवू नका. तिथून बाहेर पडल्यावर खातं बंद होतं आणि तुमचे फोटो परत मागायला जागा उरत नाही.

शक्यतो सगळं एकाच खात्यात आणा. पूर्वीचे फोटो जुन्या खात्यात असतील तर ते तिथेच राहू द्या, पण कागदावर त्याची नोंद हवी. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं त्यातल्या मजकुरासह हटवलं जाऊ शकतं, म्हणून अशा खात्यात अधूनमधून लॉगिन करत राहा.

## टप्पा २: फोन नसताना खात्यात शिरता येईल ना?

हा टप्पा बॅकअपचा वाटत नाही, म्हणून सगळे टाळतात. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. न झालेल्या बॅकअपचा निदान पत्ता तरी लागतो; झालेला बॅकअप बंद दाराआड असला की हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही.

दुहेरी पडताळणी चालू असेल, आणि ती असायलाच हवी, तर लॉगिनचा कोड किंवा 'हो, मीच आहे' असं विचारणारी सूचना फोनवर येते. फोन गेला की सिमही गेलं. तेव्हा ही सोय आत्ताच करून ठेवा:

1. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात 'बॅकअप कोड' आहेत. आठ अंकी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर उतरवा किंवा छापून ठेवा. नवे कोड काढले की जुने रद्द होतात, म्हणून कागदावर तारीख टाका.
2. रिकव्हरीसाठी दिलेला ईमेल आणि फोन नंबर आजही तुमच्याच वापरात आहे का ते बघा. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो.
3. आयफोनवर आयओएस १५ पासून 'रिकव्हरी कॉन्टॅक्ट' नेमता येतो, म्हणजे तुम्ही अडकलात तर भरवशाची एक व्यक्ती स्वतःच्या ॲपल यंत्रावरून तुम्हाला कोड देऊ शकते. त्या व्यक्तीला तुमचा डेटा दिसत नाही.
4. फोनचा स्क्रीन लॉक पिनही लिहून ठेवा. नव्या फोनवर बॅकअप उतरवताना जुन्या फोनचा पिन विचारला जाऊ शकतो. बोटाच्या ठशाने फोन उघडायची सवय झाली की पिन विसरायला वेळ लागत नाही.
5. पडताळणीचे कोड देणारं ॲप वापरत असाल तर त्याचा स्वतःचा बॅकअप आहे का ते तपासा. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये खात्याशी सिंक करण्याची सोय एप्रिल २०२३ मध्ये आली. त्याआधीपासून हे ॲप वापरणाऱ्या अनेकांचे कोड अजून फक्त फोनमध्येच पडून असतात.

> खबरदारी: आयक्लाउडचं 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' चालू केलं की डेटा उघडण्याची किल्ली फक्त तुमच्याकडे राहते, ॲपलसुद्धा डेटा उघडून देऊ शकत नाही. रिकव्हरी की कागदावर उतरवून सुरक्षित ठेवण्याची शिस्त नसेल तर या वाटेला जाऊ नका.

तपासणी: फोन बंद करून बाजूला ठेवा. दुसऱ्या यंत्रावर ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि केवळ कागदाच्या आधाराने स्वतःच्या खात्यात शिरा. इन्कॉग्निटो अशासाठी की साठवलेले पासवर्ड आणि जुनं लॉगिन मदतीला येत नाहीत. गूगलने फोनवर सूचना पाठवली की 'दुसरा मार्ग वापरा' निवडून बॅकअप कोड टाका. वापरलेला कोड कागदावर खोडा. ॲपल खात्यासाठी असे छापलेले कोड नसतात. तिथे दुसरं ॲपल यंत्र किंवा कोड घेऊ शकेल असा दुसरा भरवशाचा नंबर जोडलेला हवा. आत शिरता आलं नाही तर पुढचे टप्पे आज करूच नका, आधी हे निस्तरा.

## टप्पा ३: जागेचा हिशेब

बॅकअप मुकाट्याने थांबण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे भरलेली जागा. गूगल खात्याला १५ जीबी फुकट मिळतात आणि ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात मिळून असतात. १ जून २०२१ पासून फोटो कमी दर्जाने साठवले तरी ते या हिशेबात धरले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप पूर्वी यातून वगळलेला होता, २०२४ मध्ये तोही हिशेबात आला. ज्यांनी त्याआधी सेटिंग लावून पाठ फिरवली, त्यांची जागा त्यानंतर कधीतरी भरलेली असू शकते. आयक्लाउडचे फुकट जीबी तर ५ च आहेत, म्हणजे फोटोंसह पूर्ण फोन त्यात बसण्याची आशा सोडा.

गूगलचं स्टोरेजचं पान किंवा आयफोनवर आयक्लाउडमधलं 'मॅनेज स्टोरेज' उघडून काय किती जागा खातंय ते पाहा. साफसफाई करायची तर या क्रमाने करा: ड्राइव्ह आणि जीमेलची कचरापेटी (तिथलं सामानही जागा धरून असतं), मोठ्या अटॅचमेंटचे ईमेल, पूर्वीच्या फोनचे बॅकअप, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ, आणि सर्वांत शेवटी फोटो.

कमीत कमी एक चतुर्थांश जागा मोकळी उरली पाहिजे. साफसफाई करूनही तेवढी निघत नसेल तर दरमहा फोटो निवडून पुसत बसण्यापेक्षा जास्तीची जागा विकत घ्यावी. पुसण्याच्या नादात नको ते पुसलं जातं. पैसे द्यायचे नसतील तर गूगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' दर्जा निवडा. त्यात फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८० पीपर्यंत लहान होतात. फोनच्या पडद्यावर फरक जाणवत नाही, मोठी छपाई करायची असेल तर जाणवू शकतो.

> खबरदारी: गूगलची जागा पूर्ण भरली की बॅकअपबरोबर नवे ईमेल येणंही थांबतं.

## टप्पा ४: मूळ बॅकअप चालू करा

अँड्रॉइड: सेटिंग्ज, गूगल, बॅकअप. आधी वर दिसणारं खातं कागदाशी ताडून पाहा, मग स्विच चालू करा. यात ॲपची यादी, ॲपमधला काही डेटा, मेसेज, कॉलची नोंद आणि फोनची सेटिंग्ज येतात. 'काही डेटा' हे मुद्दाम म्हटलं. अँड्रॉइडच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये एका ॲपला २५ एमबीची मर्यादा असते, आणि ॲप बनवणारा त्यातून पूर्णपणे बाहेरही राहू शकतो. म्हणून नव्या फोनवर ॲप परत येतं पण आत सगळं कोरं असतं, असं घडतं. ज्या ॲपमध्ये तुमची मेहनत साठलेली आहे, मग ते हिशेबाचं असो की डायरीचं, त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकअप किंवा एक्सपोर्ट शोधा.

आयफोन: सेटिंग्ज, स्वतःचं नाव, आयक्लाउड, आयक्लाउड बॅकअप. खाली यंत्राच्या नावावर टॅप केलं की प्रत्येक ॲप किती जागा घेतं ते दिसतं. पुन्हा सहज डाउनलोड होणारी गाणी किंवा पॉडकास्ट तिथून वगळता येतात. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोटो या बॅकअपमध्ये नसतात, ते वेगळे सिंक होतात. संपर्क, नोट्स आणि कॅलेंडर यांचंही तसंच.

बँकेची ॲप्स दोन्हीकडे नव्याने नोंदवावी लागतात. ती सुरक्षेसाठी मुद्दाम केलेली अडवणूक आहे, बॅकअपमधला दोष नव्हे. ईसिमसुद्धा (कार्ड न घालता फोनमध्येच चालणारं सिम) बॅकअपमधून येत नाही.

## टप्पा ५: फोटो

गूगल फोटोज सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर वर पाठवतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, दुसऱ्या कॅमेरा ॲपने काढलेले फोटो हे सगळं बाहेर राहतं. बॅकअप सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस फोल्डर्सचा बॅकअप' उघडा आणि हवी ती फोल्डर चालू करा. व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर सरसकट चालू करण्याआधी दोनदा विचार करा, नाहीतर सुप्रभातचे संदेश तुमच्या जागेवर कब्जा करतील. त्यातले कामाचे फोटो निवडून वेगळ्या फोल्डरमध्ये हलवणं बरं.

गूगल फोटोजच्या 'लॉक्ड फोल्डर'मध्ये (कुलूप लावलेलं फोल्डर) ठेवलेले फोटो तुम्ही तिथला बॅकअप वेगळा चालू केल्याशिवाय वर जात नाहीत, आणि तो चालू नसताना ॲप काढून टाकलं तर ते कायमचे जातात. फोन कंपन्यांच्या लपवलेल्या अल्बमबाबतही हाच धोका धरून चाला. ओळखपत्रांचे फोटो लोक नेमके तिथेच ठेवतात.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. फोनची मेमरी भरली म्हणून माणूस गूगल फोटोज उघडतो, "वर तर गेलेच आहेत" म्हणून फोटो निवडतो आणि डिलीट दाबतो. ते फोटो फोनमधूनही जातात आणि क्लाउडवरूनही. आयक्लाउड फोटोजचं वागणं असंच आहे: आयफोनवर पुसलेला फोटो त्या खात्याच्या सगळ्या यंत्रांवरून पुसला जातो. सिंकचा अर्थच असा की एकीकडे केलं ते दुसरीकडे होतं, पुसणंसुद्धा.

मेमरी मोकळी करायची बरोबर पद्धत अशी: गूगल फोटोजमध्ये गोल चित्रावर टॅप करून 'फ्री अप स्पेस' वापरा. वर पोचलेलेच फोटो तो फोनमधून काढतो. आयफोनवर फोटोजच्या सेटिंग्जमध्ये 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू करा. मूळ फोटो आयक्लाउडवर राहतो आणि फोनमध्ये लहान प्रत.

चूक झालीच तर घाबरून इकडेतिकडे दाबत बसू नका. बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजच्या कचरापेटीत ६० दिवस असतो, न झालेला ३० दिवस. आयक्लाउडमध्ये 'रिसेंटली डिलीटेड'ची मुदत ३० दिवस.

तपासणी: कालचा एखादा फोटो उघडून वर सरकवा. तपशिलात बॅकअप झाल्याची नोंद आणि आकार दिसला पाहिजे. रेघ मारलेला ढग दिसला तर तो फोटो अजून फोनमध्येच आहे.

## टप्पा ६: व्हॉट्सअ‍ॅप

चॅट बॅकअपचं पान उघडा. अँड्रॉइडवर तिथे दोन तारखा असतात आणि गफलत नेमकी इथे होते. 'लोकल'समोर आज पहाटे २ ची वेळ दिसते. ती पाहून माणूस निश्चिंत होतो आणि पान बंद करतो. तो बॅकअप फोनच्याच मेमरीत आहे, फोनबरोबर बुडणारा. तुम्हाला बघायचीय ती खालची, गूगलसमोरची तारीख. ती जुनी असेल किंवा कोरी असेल तर क्लाउडवर काहीही गेलेलं नाही.

1. खातं कागदावरच्या खात्याशी जुळवा.
2. वारंवारता 'दररोज' ठेवा. 'मी टॅप केल्यावरच' हा पर्याय म्हणजे कधीच नाही.
3. 'व्हिडिओ समाविष्ट करा' बंद. माझा हा ठाम सल्ला आहे: व्हिडिओंमुळे बॅकअप काही पटींनी फुगतो, अपलोड अर्ध्यावर तुटतो आणि मग मजकूरही वर जात नाही. जपायचे व्हिडिओ गॅलरीतून फोटोजमध्ये न्या.
4. एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप, म्हणजे तुमच्याशिवाय कुणालाही उघडता न येणारा, चालू करणार असाल तर पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती हरवली आणि फोनही हातात नसला तर व्हॉट्सअ‍ॅपकडूनही काही मिळत नाही.

आयफोनवर व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपसाठी आयक्लाउड ड्राइव्ह चालू हवा. फोनचा प्रकारच बदलत असाल, म्हणजे अँड्रॉइडवरून आयफोन किंवा उलट, तर हा क्लाउड बॅकअप कामाचा नाही. गूगलवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. त्यासाठी दोन्ही फोन समोर ठेवून थेट चॅट हलवावे लागतात.

> खबरदारी: गूगलवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा प्रत्येक नवा बॅकअप जुन्यावर लिहिला जातो. नव्या फोनवर 'रिस्टोर'चा प्रश्न आला आणि तुम्ही 'नंतर बघू' म्हणून पुढे गेलात, तर रात्रीच्या बॅकअपमध्ये कोरी चॅट वर जाऊन जुनी पुसली जाण्याचा धोका आहे. असं झालंच तर त्याच दिवशी, पुढचा बॅकअप होण्याआधी, ॲप काढून पुन्हा टाका आणि या वेळी 'रिस्टोर' दाबा.

गूगलवर असलेला बॅकअप पाच महिन्यांहून जास्त काळ अद्ययावत झाला नाही तर तो आपोआप हटवला जाऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

## टप्पा ७: पहिला बॅकअप स्वतः बसून घ्या

आपोआप होईल म्हणून सोडून देऊ नका. फोन चार्जरला लावा, वाय-फाय जोडा, बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर बंद करा. मग मूळ बॅकअपमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'बॅकअप नाऊ' दाबा.

किती वेळ लागेल याचा अंदाज आधी घ्या. आपल्याला माहीत असतो तो डाउनलोडचा वेग. इथे अपलोडचा लागतो आणि तो बऱ्याचदा बराच कमी असतो. अपलोड सेकंदाला १० मेगाबिट असेल तर तासाला साधारण साडेचार जीबी वर जातात. म्हणजे ६० जीबी फोटोंना तेरा-चौदा तास. पहिल्या वेळी दोन-तीन रात्री गेल्या तर तो बिघाड समजू नका. आयफोनवर गूगल फोटोज वापरणाऱ्यांनी पहिल्या अपलोडच्या वेळी ॲप पडद्यावर उघडं ठेवावं, कारण आयओएस मागे चालणाऱ्या ॲपला फार वेळ देत नाही.

## टप्पा ८: पडताळणी

आता दुसऱ्या यंत्रावरून, ब्राउझरमध्ये:

- फोटोंच्या वेबसाइटवर आजचा, मागच्या महिन्यातला आणि दोन वर्षांपूर्वीचा एकेक फोटो शोधा. एखादा मोठा व्हिडिओही चालवून बघा, कारण तेच मागे राहतात.
- संपर्कांच्या पानावर गेल्या आठवड्यात साठवलेलं नाव शोधा.
- गूगल ड्राइव्हच्या स्टोरेजच्या पानावर 'बॅकअप्स' उघडा. तिथे फोनचं नाव आणि तारीख दिसते. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही वेगळा दिसतो.
- आयफोनच्या बॅकअपची तारीख फोनमध्येच 'शेवटचा यशस्वी बॅकअप' म्हणून दिसते. 'यशस्वी' हा शब्द शोधा. अर्धवट राहिलेला प्रयत्न मोजायचा नाही.

मग एक फोटो आणि एक पीडीएफ खरोखर डाउनलोड करून उघडा. लहानशी झलक दिसणं आणि पूर्ण फाइल हाती येणं यात अंतर आहे.

> खबरदारी: खात्रीसाठी व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याचा प्रयोग चालत्या फोनवर करू नका. तिथे तारीख आणि आकार बघणं पुरे. हजारो संदेश असलेल्या माणसाचा बॅकअप काहीशे केबीचा दिसला तर काहीतरी बिनसलंय.

यंत्र दुसऱ्याचं असेल तर काम झाल्यावर लॉगआउट करा, डाउनलोड केलेल्या फाइल पुसा.

## टप्पा ९: अडकला असेल तर

जागा आणि खातं पुन्हा एकदा बघून झाल्यावर या क्रमाने जा.

वाय-फाय 'मीटर्ड' आहे का? दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटला अँड्रॉइड अनेकदा मर्यादित जोडणी समजतो आणि बॅकअप थांबवून ठेवतो. नेटवर्कच्या तपशिलात ते 'अनमीटर्ड' करता येतं. आयफोनवर त्याच जागी 'लो डेटा मोड' बंद करा.

बॅटरीची बंधनं. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागची ॲप्स मारून टाकतात. ॲप्सच्या यादीत गूगल फोटोज आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडून बॅटरीचा पर्याय 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. आयफोनवर 'लो पॉवर मोड' फोटोंचा सिंक थांबवतो.

फोनला सवडच मिळत नाही. अँड्रॉइडचा आपोआप बॅकअप व्हायला फोन वाय-फायवर, चार्जिंगला आणि वापरात नसलेला लागतो, आणि आधीच्या बॅकअपला २४ तास उलटलेले लागतात. आयक्लाउडलाही चार्जर, वाय-फाय आणि लॉक केलेला पडदा हवा. जो माणूस दिवसा ऑफिसात चार्ज करतो आणि रात्री वाय-फाय बंद करून झोपतो, त्याच्या फोनला अशी वेळ कधी येतच नाही. सेटिंग कितीही बरोबर असलं तरी बॅकअप होणार नाही. रात्री वाय-फाय चालू ठेवून चार्जिंगला लावणं, एवढाच उपाय.

एखादी फाइल अडते. फोटोंचा आकडा रात्रभर एकाच ठिकाणी थांबला असेल तर बहुधा एखादा खराब किंवा अवाढव्य व्हिडिओ रांगेत पुढे आहे. तो संगणकावर काढून घ्या आणि फोनमधून हलवा.

## टप्पा १०: दुसरी प्रत आणि महिन्याची नोंद

क्लाउड हीही एकच जागा. खातं बंद झालं, कुणी ताबा घेतला किंवा आपणच चुकून पुसलं तर तीही जाते. न बदलणाऱ्या गोष्टींची, म्हणजे जुने फोटो आणि कागदपत्रं यांची, वर्षातून दोनदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या. गूगलच्या 'टेकआउट'मधून सगळे फोटो एकगठ्ठा मागवता येतात.

महिन्यातून एकदा, कॅलेंडरमध्ये आठवण लावून, चारच गोष्टी बघा: मूळ बॅकअपची तारीख, फोटोंची स्थिती, व्हॉट्सअ‍ॅपची गूगल किंवा आयक्लाउड तारीख, उरलेली जागा. कुठलीही तारीख आठवड्याहून जुनी असेल तर टप्पा ९.

## टप्पा ११: फोन बदलताना

बॅकअप उतरवण्याची संधी नव्या फोनच्या सुरुवातीच्या सेटअपमध्ये असते. आयफोनवर ती तिथेच. घाईत 'स्किप' केलं तर फोन पूर्ण पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून नवा फोन दुकानातच कुणाकडून 'चालू करून' घेऊ नका.

1. जुन्या फोनवर त्याच दिवशी हाताने बॅकअप घ्या आणि तारीख बघा. आयफोनच्या जागेचा प्रश्न असेल तर सेटिंग्ज, जनरल, 'ट्रान्सफर ऑर रिसेट' मध्ये नव्या आयफोनची तयारी करण्याचा पर्याय आहे. ॲपल या कामापुरती जागा फुकट देते, आणि तो तात्पुरता बॅकअप २१ दिवसांत उतरवून घ्यायचा असतो.
2. नव्या फोनवर कागदावरच्याच खात्याने लॉगिन करा आणि बॅकअप निवडताना फोनचं नाव व तारीख नीट वाचा. यादीत जुन्या फोनचे दोन-तीन बॅकअप असू शकतात.
3. ॲप आणि फोटो उतरायला तास लागतात. तोवर चार्जर आणि वाय-फाय काढू नका.
4. टप्पा १ चा कागद घेऊन प्रत्येक ओळ नव्या फोनवर उघडून बघा.
5. नव्या फोनवर बॅकअपचे स्विच पुन्हा तपासा. जुन्या फोनवर निवडलेली फोल्डर इथे चालू असतीलच असं नाही.

जुना फोन निदान दोन आठवडे पुसू नका. बँकेची ॲप्स, कोड देणारं ॲप आणि एखादी विसरलेली नोट याच काळात आठवते. मात्र 'पडून आहे कपाटात, क्लाउडवर तर आहेच' म्हणून त्याला अनंत काळ विसरूही नका: अँड्रॉइड फोन ५७ दिवस वापरला नाही तर त्याचा गूगलवरचा बॅकअप, फोटो वगळून, हटवला जाऊ शकतो. आयक्लाउड बॅकअप बंद केल्यावर जुना बॅकअप १८० दिवस ठेवला जातो. दोन आठवड्यांनी आयफोनवर 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधण्याची सोय) बंद करा, अँड्रॉइडवर गूगल खातं काढा, आणि मगच फॅक्टरी रिसेट.